थायरॉइड आणि व्हीएचं डिसॅबिलिटी रेटिंग: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या सैन्यात आपली मराठी मुलंमुली बऱ्यापैकी आहेत. कुणी ग्रीन कार्डवर भरती झालं, कुणी इथेच जन्मलेलं आणि काहीजण 'मावनी' (खास कौशल्य असलेल्या परदेशी लोकांच्या भरतीच्या) प्रोग्रॅममधून हिंदी येते म्हणून किंवा डॉक्टर-नर्स म्हणून आत गेले, तो प्रोग्रॅम २०१६ मध्ये थांबला. आता त्यातले बरेच जण बाहेर पडलेत आणि घरच्यांकडून तेच तेच प्रश्न येत असतात, त्यात थायरॉइडचा प्रश्न हमखास असतो. म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवतेय. व्हीए म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं; सैन्यातल्या नोकरीमुळे झालेल्या आजाराला ते टक्क्यांत रेटिंग देतं आणि त्या टक्क्यांवर महिन्याचे पैसे ठरतात. एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे: आजच्या नियमात 'थायरॉइड' या नावाला फार पैसे नाहीत, थायरॉइडमुळे शरीरात जे जे बिघडलं त्याला आहेत. ते वेगळं मागितलं नाही तर सहसा मिळत नाही.

हायपोथायरॉइडला किती टक्के मिळतात?

हायपोथायरॉइड म्हणजे थायरॉइडचं हार्मोन कमी पडणं. नियमाचं नाव ३८ सीएफआर (अमेरिकेचे केंद्रीय नियम), कलम ४.११९, आणि हायपोथायरॉइडचा कोड (व्हीएने आजाराला दिलेला नंबर) ७९०३. साधा हायपोथायरॉइड, म्हणजे मिक्सिडीमा नसलेला, असेल तर ३० टक्के, पण फक्त पहिलं निदान झाल्यापासून ६ महिने. त्यानंतर ते ३० टक्के जातात आणि जे त्रास उरलेत ते त्या त्या अवयवाच्या कोडखाली मोजतात, डोळ्यांचं डोळ्यांत, पोटाचं पोटात, मनाचं मानसिक आजारांत. काहीच त्रास उरला नाही असं कागदावर दिसलं तर ० टक्के.

मिक्सिडीमा म्हणजे खूपच टोकाची अवस्था, थंडी अजिबात सहन न होणं, स्नायूंत ताकद नसणं, हृदयावर परिणाम (बीपी खाली, नाडी मंद, हृदयाभोवती पाणी) आणि डोकं चालेनासं होणं किंवा डिप्रेशन. त्याला १०० टक्के, आणि पेशंट स्थिर झाला असं डॉक्टरने म्हटल्यापासून पुढे ६ महिने ते चालू राहतात.

सहा महिन्यांचं नक्की गणित काय? मला निदान होऊन दोन वर्षं झालीत.

मग ते ३० टक्के तुमच्या हातून गेलेत, वाईट वाटतं सांगायला पण असंच आहे. सहा महिने निदानापासून मोजतात, क्लेम टाकल्यापासून नाही, आणि पैसे मात्र साधारणपणे क्लेमच्या तारखेपासून सुरू होतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी तुम्हीच चेपले जाता. समजा १० जानेवारीला टीएसएच (थायरॉइडची रक्त तपासणी) वाढलेलं आलं आणि निदान झालं, क्लेम टाकला १० मार्चला, तर ३० टक्के १० जुलैपर्यंतच. क्लेम ऑगस्टमध्ये टाकला तर शून्यापासून सुरुवात.

एक अपवाद लक्षात ठेवा. डिस्चार्ज झाल्यापासून वर्षाच्या आत क्लेम टाकला तर तारीख डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात. त्यामुळे नोकरीच्या शेवटच्या महिन्यांत निदान झालं असेल तर थोडे महिने तरी पदरात पडतात. आणि अजून सैन्यातच असाल तर बाहेर पडण्याच्या १८० ते ९० दिवस आधी बीडीडी नावाच्या सोयीतून क्लेम टाकता येतो, कृपा करून ती सोय वापरा, सगळे 'बाहेर पडल्यावर बघू' म्हणतात आणि मग घर बदलणं, नोकरी शोधणं यात वर्ष निघून जातं.

पण माझ्या ओळखीच्या एकांना फक्त गोळी चालू आहे म्हणून १० टक्के मिळतात, ते कसं?

ते जुन्या नियमातले आहेत. १० डिसेंबर २०१७ च्या आधी ७९०३ मध्ये चार पायऱ्या होत्या. थकवा असेल किंवा कायम गोळी लागत असेल तर १०, थकवा, बद्धकोष्ठता आणि डोकं मंद चालणं असेल तर ३०, स्नायूंची कमजोरी, मानसिक त्रास आणि वजनवाढ असेल तर ६०, आणि पुढे १००. तेव्हा रोजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी दाखवली की १० टक्के पक्के होते.

नवा नियम आला म्हणून जुन्यांचे टक्के काढून घेता येत नाहीत, तब्येत खरंच सुधारली असं दिसलं तरच कमी करता येतात, हे कायद्यातच आहे. म्हणून २०१५ चा माणूस आणि २०२० चा माणूस एकच गोळी घेतात आणि एकाला १० मिळतात, दुसऱ्याला ०. मला हे अजिबात बरोबर वाटत नाही. रोज पहाटे उपाशीपोटी गोळी, दर काही महिन्यांनी रक्त तपासणी, डोस वरखाली झाला की आठवडेच्या आठवडे अंगात जीव नसणं, हे सगळं दोघांचं सारखंच असतं. पण नियम आहे तो आहे, भांडायचं तर उरलेल्या त्रासांवर भांडायचं.

उरलेले त्रास म्हणजे नक्की कुठले? डॉक्टर तर म्हणतात टीएसएच नॉर्मल आहे.

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. टीएसएच नॉर्मल आलं म्हणजे औषध लागू पडतंय एवढंच, त्रास संपला असं नाही.

मनाचं बघा आधी. डिप्रेशन, चिडचिड, विसरायला होणं, कामात लक्ष न लागणं. याचं रीतसर निदान असेल आणि ते थायरॉइडमुळे झालं किंवा वाढलं असं डॉक्टरने लिहून दिलं तर ते दुय्यम सर्व्हिस कनेक्शन म्हणून मागता येतं (सर्व्हिस कनेक्शन म्हणजे आजार सैन्यातल्या नोकरीशी जोडलेला आहे हे मान्य होणं, दुय्यम म्हणजे अशा मान्य आजारातून पुढे आलेला), आणि मानसिक आजारांचं मोजमाप ०, १०, ३०, ५०, ७०, १०० असं आहे. म्हणजे थायरॉइडला ० आणि त्याच्यामुळे आलेल्या डिप्रेशनला ३० किंवा ५० असं होऊ शकतं. आपल्या लोकांत इथेच गाडी अडते. मानसिक त्रासाचं नाव काढायचं नाही, 'जरा मूड नसतो' एवढंच म्हणायचं, आणि एक्झामिनर, म्हणजे व्हीएसाठी तपासणारा डॉक्टर, तेवढंच लिहून घेतो.

मग हाताला मुंग्या, रात्री बोटं बधिर होणं. हायपोथायरॉइडमध्ये कार्पल टनेल (मनगटात नस दाबली जाणं) होतो हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, त्याचा कोड ८५१५, हलक्या प्रकाराला १० टक्के आणि दोन्ही हात असतील तर दोन्ही वेगळे. मग पोट, म्हणजे जुनाट बद्धकोष्ठता. मग हृदय.

वजनाचं थोडं किचकट आहे. लठ्ठपणा हा व्हीएच्या लेखी स्वतंत्र आजार नाही, त्याला रेटिंग मिळत नाही. पण तो मधली कडी म्हणून चालतो, थायरॉइडमुळे वजन वाढलं आणि त्या वजनामुळे स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडणं) झाला असं डॉक्टर कारणांसकट लिहू शकत असेल तर अॅप्नियाचा क्लेम उभा राहतो, आणि सध्याच्या नियमात सीपॅप (झोपेत हवा देणारं) मशीन लागत असेल तर त्याला ५० टक्के आहेत. सोपं नाही, वजनाचे जुने आकडे, कधीपासून वाढलं, किती वाढलं, सगळं लागतं. पण प्रयत्न करण्यासारखं आहे.

एक सावधगिरी: एकच लक्षण दोनदा मोजत नाहीत. थकवा डिप्रेशनच्या रेटिंगमध्ये धरला असेल तर तोच थकवा परत दुसऱ्या कोडखाली मागू नका.

हायपर असेल, ग्रेव्हज असेल तर?

हायपर म्हणजे थायरॉइडचं हार्मोन जास्त होणं, आणि ग्रेव्हज हा ते घडवणारा एक आजार. कोड ७९००. पहिल्या ६ महिन्यांना ३० टक्के, नंतर उरलेले त्रास, पद्धत तीच. पण इथे उरलेले त्रास दाखवणं थोडं सोपं जातं कारण ते डोळ्यांना दिसतात किंवा मशीनवर येतात. हायपरमुळे हृदयाचा आजार झाला तर तो ७००८ खाली वेगळा मोजतात. ग्रेव्हजमध्ये डोळे बाहेर येतात, एकाचे दोन दिसतात, नजर कमी होते, ते सगळं डोळ्यांच्या कोडखाली वेगळं, दोन दिसण्याचा कोड ६०९०. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन रीतसर तपासणी करून घ्या, नुसतं 'डोळे जळजळतात' यावर काही मिळत नाही. बरीच वर्षं हायपर राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, तेही विचारून घ्या डॉक्टरांना.

आणि ग्रेव्हजवर रेडिओआयोडीन (थायरॉइडच्या पेशी मारणारं किरणोत्सर्गी औषध) दिलं की पुढे बहुतेकांचा हायपो होतोच. तो उपचाराचा परिणाम आहे, त्यामुळे ग्रेव्हज सर्व्हिस कनेक्टेड असेल तर हा हायपोही त्याच्यामागे येतो. तो वेगळा लिहून मागा आणि निदानापासूनच्या सहा महिन्यांच्या आत मागा.

गलगंड, गाठी, हाशिमोटो?

गलगंडात हार्मोन वाढलेलं असेल तर ७९०० प्रमाणे. हार्मोन नॉर्मल आणि नुसती गाठ असेल तर ती श्वासनलिका, स्वरयंत्र, अन्ननलिका यांवर दाबते का ते बघतात आणि त्या त्रासाला रेटिंग देतात. गळा बेढब दिसत असेल तर ७८०० खाली वेगळं. थायरॉइडायटिस (थायरॉइडची सूज), हाशिमोटो त्यातच आला, याचा कोड ७९०६: हार्मोन नॉर्मल असेल तर ०, हायपो किंवा हायपर झालं असेल तर त्या त्या कोडप्रमाणे. नोकरीत असताना बाळंतपणानंतर थायरॉइडायटिस झालेल्या मुलींनी ते रेकॉर्ड जपून ठेवा, पुढे हायपो झाला तर सुरुवात सैन्यातच झाली होती याचा तोच पुरावा.

थायरॉइडचा कॅन्सर?

कोड ७९१४, १०० टक्के. ऑपरेशन, रेडिएशन, जो काही उपचार असेल तो संपल्यावरही ६ महिने १०० चालू, मग व्हीएने तपासणी घ्यायचीच असते आणि कॅन्सर परत आलेला नसेल तर उरलेल्या त्रासांवर रेटिंग. कमी करायचं असेल तर आधी प्रस्तावाचं पत्र येतं आणि पुरावा द्यायला ६० दिवस मिळतात, ते पत्र बाजूला ठेवून देऊ नका.

थायरॉइड काढल्यावर काय काय मागायचं तर: कायमचा हायपो, शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या तर कॅल्शियम कमी पडणं (७९०५, निदानापासून ३ महिने १०० टक्के आणि मग उरलेले त्रास), गळ्यावरचा व्रण, दुखत असेल तर ७८०४ खाली १० टक्के, आणि आवाज. आवाजाची नस दुखावून कायम कुजबुजण्यापुरताच आवाज उरला असेल तर ६५१९ खाली ६० टक्के आहेत. शिक्षकी किंवा कॉल सेंटरचं काम करणाऱ्या माणसाचा आवाज जाणं म्हणजे काय हे फॉर्ममध्ये लिहा, मोकळेपणाने लिहा.

सर्व्हिस कनेक्शन सिद्ध कसं करायचं?

तीन गोष्टी: आज निदान आहे, सैन्यात असताना काहीतरी घडलं (लक्षणं, रिपोर्ट, एक्स्पोजर), आणि दोघांना जोडणारं डॉक्टरचं मत, ज्याला नेक्सस म्हणतात. त्यात 'निम्मी तरी शक्यता आहे' अशा अर्थाचं वाक्य लागतं आणि त्यामागची कारणं लागतात, नुसतं वाक्य असेल तर त्याला वजन राहत नाही.

पण काही ठिकाणी नेक्सस लागतच नाही, आणि ते लोकांना माहीत नसतं.

एक, एंडोक्राइनचे, म्हणजे थायरॉइडसारख्या हार्मोनच्या ग्रंथींचे, आजार व्हीएच्या जुनाट आजारांच्या यादीत आहेत. किमान ९० दिवस नोकरी झाली असेल आणि डिस्चार्जनंतर वर्षाच्या आत आजार १० टक्क्यांइतका दिसला तर तो नोकरीतलाच धरतात. म्हणून बाहेर पडल्यावर त्या वर्षात एकदा टीएसएच करून घ्याच, थकवा असो नसो.

दोन, एजंट ऑरेंज, म्हणजे व्हिएतनाम युद्धात फवारलेलं झाडं मारणारं विषारी रसायन. व्हिएतनाममध्ये ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ दरम्यान असलेले, आणि थायलंडचे तळ, कोरियाची सीमा वगैरे ठराविक ठिकाणी ठराविक काळात असलेले, यांच्या यादीत हायपोथायरॉइड १ जानेवारी २०२१ च्या संरक्षण कायद्याने आला. हायपर मात्र त्या यादीत नाही. आपल्यात हे कमी असतील पण सासरे, शेजारी, मंडळातले कुणाचे अमेरिकन व्याही असे असतात, त्यांना सांगा. आधी नाकारलेला क्लेम असेल तर जुन्या तारखेपासूनही पैसे मिळू शकतात.

तीन, रेडिएशन. अणुचाचण्या वगैरेंत सहभागी झालेल्यांना थायरॉइडचा कॅन्सर यादीतच आहे.

इराक-अफगाणिस्तानात होतो, बर्न पिटचा धूर घेतलाय. पॅक्ट अॅक्टमध्ये थायरॉइड बसतो का?

बर्न पिट म्हणजे तळावरचा कचरा जाळायचे उघडे खड्डे, आणि पॅक्ट हा विषारी एक्स्पोजर झालेल्या सैनिकांसाठीचा कायदा. हायपो-हायपर त्या बर्न पिटच्या यादीत नाहीत. १० ऑगस्ट २०२२ च्या त्या कायद्यात मुख्यतः कॅन्सर आणि श्वसनाचे आजार आहेत. त्यात 'कोणत्याही प्रकारचा मानेचा कॅन्सर' असे शब्द आहेत, त्यामुळे थायरॉइडचा कॅन्सर असेल तर क्लेममध्ये हा मुद्दा लिहूनच टाका. बाकीच्यांना साध्या वाटेने, म्हणजे नेक्सस लावून जावं लागतं. पण विषारी एक्स्पोजर झाल्याचं रेकॉर्ड असेल तर सर्व्हिस कनेक्शनचा पुरावा अपुरा आहे म्हणून सरळ नाकारण्याआधी व्हीएने तपासणी आणि डॉक्टरचं मत घ्यायचं असतं, ते झालंय का ते निकालपत्रात बघा.

दुसऱ्या आजाराच्या औषधामुळे थायरॉइड बिघडला तर?

फार चांगला प्रश्न, आणि इथे नेक्सस बऱ्यापैकी सोपा असतो. बायपोलरसाठी लिथियम, हृदयाच्या ठोक्यांसाठी अॅमिओडेरोन, पूर्वी हेपेटायटिस सी साठी इंटरफेरॉन, या तिन्हींचा थायरॉइडवर परिणाम होतो हे औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. मूळ आजार सर्व्हिस कनेक्टेड असेल तर थायरॉइड दुय्यम म्हणून मागा. औषध कधी सुरू झालं आणि टीएसएच कधी बिघडलं, दोन तारखा शेजारी शेजारी लिहून द्या.

भरतीच्या आधीपासूनच थायरॉइड होता.

भरतीच्या तपासणीत नोंद नसेल तर कायदा तुम्हाला निरोगी धरूनच चालतो. नोंद असेल तर नोकरीमुळे तो नेहमीच्या वेगापेक्षा जास्त वाढला हे दाखवावं लागतं, डोस किती वाढत गेला हे तिथे उपयोगी पडतं.

क्लेम टाकायचा कसा, आणि कुणाला पैसे द्यायचे का?

पहिल्या क्लेमसाठी कुणालाही पैसे देऊ नका. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त लोक फुकट करून देतात, काउंटीतही असतात. 'आम्ही १०० टक्के मिळवून देतो, पुढचे अमुक महिन्यांचे पैसे आम्हाला' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, मान्यता नसलेल्यांना क्लेमसाठी पैसे घ्यायचा अधिकारच नाही.

सगळ्यात आधी 'इंटेंट टू फाइल' (क्लेम टाकणार असल्याची सूचना) टाका, फॉर्म २१-०९६६ किंवा ऑनलाइन, आजची तारीख एक वर्षासाठी राखली जाते. मग शांतपणे कागद गोळा करून मुख्य क्लेमचा फॉर्म २१-५२६ईझेड. सोबत डीडी-२१४ (डिस्चार्जचा दाखला), सैन्यातले मेडिकल रेकॉर्ड, सगळे टीएसएचचे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने. भारतात सुट्टीवर असताना पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये केलेले रिपोर्टही चालतात, ते सहसा इंग्रजीतच असतात, फेकू नका. बायको, नवरा, बरोबरचे शिपाई यांनी लिहिलेली पत्रंही पुरावा असतात, 'पूर्वी रोज ५ मैल पळायचा, आता जिना चढून बसतो' असं डोळ्यांनी पाहिलेलं लिहावं.

सी अँड पी एक्झाममध्ये (क्लेमसाठी व्हीए घेते ती वैद्यकीय तपासणी) काय बोलायचं?

खरं. पण पूर्ण खरं. 'कसे आहात?' विचारलं की आपण 'मजेत' म्हणतो, सवयच आहे, आणि ते तसंच फॉर्मवर जातं. थायरॉइडच्या फॉर्ममध्ये डॉक्टरला एकेक अवयव विचारायचा असतो, हृदय, डोळे, पोट, मन, नसा, गळा. तुम्ही घरून यादी लिहून न्या: वाईट दिवस कसा असतो, महिन्यातून किती येतात, कामावर किती रजा पडल्या. वाढवून सांगू नका, रेकॉर्डशी जुळलं नाही की बाकीच्या खऱ्यावरही विश्वास राहत नाही.

० टक्के मिळाले. म्हणजे हरलो ना?

नाही हो! ० टक्के म्हणजे सर्व्हिस कनेक्शन मान्य झालं, हीच तर अवघड पायरी. त्या आजाराचे उपचार आणि गोळ्या व्हीएकडून फुकट, आणि पुढे त्यातून काही निघालं तर दुय्यम क्लेमचा पाया तयार. एकापेक्षा जास्त ० टक्केवाले कायमचे आजार असतील, दुसरं कुठलंही पैसे मिळणारं रेटिंग नसेल आणि त्या आजारांमुळे नोकरीत अडचण येत असेल तर मिळून १० टक्के देता येतात, तो नियम ३.३२४.

नाकारलंच असेल तर पत्राच्या तारखेपासून एक वर्षात तीन वाटा: नवा पुरावा असेल तर सप्लिमेंटल क्लेम (२०-०९९५), पुरावा आहे तोच पण त्यांनी चुकीचं वाचलं असेल तर हायर लेव्हल रिव्ह्यू (२०-०९९६), किंवा थेट बोर्डाकडे अपील. थायरॉइडमध्ये सहसा कमी पडतो तो नेक्सस, त्यामुळे बहुतेकांना पहिलीच वाट बरी पडते.

टक्के एकमेकांत मिळवतात का, आणि पैसे किती?

साधी बेरीज करत नाहीत. डिप्रेशन ३०, मनगट १०, कानातला आवाज १० असेल तर ५० नाही होत. आधी १०० मधून ३० गेले, उरले ७०, त्याचे १० टक्के ७, झाले ३७, उरले ६३, त्याचे १० टक्के साधारण ६, झाले ४३, आणि जवळच्या दहाला आणून ४०.

१ डिसेंबर २०२४ पासूनच्या वर्षाच्या दराने एकट्या माणसाला १० टक्क्यांना महिन्याला १७५.५१ डॉलर, ३० ला ५३७.४२, १०० ला ३,८३१.३० मिळत होते, आणि दर डिसेंबरला हे आकडे महागाईप्रमाणे बदलतात. अमेरिकेत यावर फेडरल टॅक्स नाही. ३० आणि वर गेलात की नवरा-बायको आणि मुलांसाठी जास्तीचे मिळतात, आणि आईवडीलही तुमच्यावर अवलंबून असतील, त्यांचं उत्पन्न मर्यादेत असेल तर त्यांच्यासाठीही. गावी दर महिन्याला पैसे पाठवणाऱ्यांनी फॉर्म २१पी-५०९ बघाच.

कायमचे पुण्याला परत आलो तर बंद होईल का?

कॉम्पेन्सेशन बंद होत नाही, भारतात राहूनही चालू राहतं. सर्व्हिस कनेक्टेड आजारांच्या उपचारांचा खर्च फॉरेन मेडिकल प्रोग्रॅममधून मागता येतो, त्यात आधी नाव नोंदवा आणि डॉक्टरचं सविस्तर बिल घ्या, निदान लिहिलेलं. पत्ता बदलल्याचं व्हीएला लगेच कळवा, तपासणीचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि तुम्ही हजर राहिला नाहीत तर रेटिंगला धक्का लागतो.

माझे काका भारतीय सैन्यातून रिटायर झालेत, त्यांनाही थायरॉइड आहे. त्यांना हे लागू?

नाही, यातलं काहीच नाही. तिकडे डिसॅबिलिटी पेन्शनचे नियम वेगळे, मेडिकल बोर्ड ठरवतं की आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला का. त्यांना त्यांच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक आणि मेडिकल बोर्डाचे कागद घेऊन जायला सांगा.